हवेत उभी राहणारी भिंत

काळ्या समुद्राकाठच्या पाँटस प्रांतातला राजघराण्यातला एक पाहुणा नीरोच्या काळात रोमला आला. तिथे त्याने एका नर्तकाचा खेळ पाहिला. मागे चाललेली गाणी त्याला धड कळत नव्हती, पण कथा मात्र सगळी कळली. निरोपाच्या वेळी नीरो म्हणाला, हवं ते माग. पाहुण्याने तो नर्तकच मागितला. याचा तुला काय उपयोग, असं नीरोने विचारल्यावर त्याने सांगितलं की, आमच्या शेजारी परक्या भाषांचे लोक राहतात, दुभाषे मिळता मिळत नाहीत. हा माणूस नुसत्या हावभावांनी माझं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचवील. लुशियन या लेखकाने नृत्यावरच्या आपल्या ग्रीक संवादात ही हकिकत दिली आहे.

अशा नर्तकाला ‘पँटोमिमस’ म्हणत. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘सगळ्यांचं अनुकरण करणारा’ असा होतो, आणि ते नाव सार्थ होतं. एकच नट देव व्हायचा, राजा व्हायचा, राणी व्हायचा; भूमिका बदलली की मुखवटा बदलायचा. बोलक्या नाटकांतल्या मुखवट्यांचं तोंड उघडं असे, याच्या मुखवट्याचे ओठ मिटलेले. कथा गायची ती मागच्या गायकवृंदाने. आज आपण ज्याला मूकाभिनय म्हणतो त्याचं नाव इथून आलं. मराठीत त्यासाठी दोन-तीन शब्द चालतात. नटाच्या अंगच्या कौशल्याला मूकाभिनय म्हणतात, त्यातून बसवलेल्या प्रयोगाला मूकनाट्य, आणि कॉलेजातली मुलं दोन्हींना सरसकट माइम म्हणतात. ‘आम्ही माइम बसवतोय’ हे वाक्य युवा महोत्सवाच्या दिवसांत कुठल्याही कॉलेजच्या जिन्यात ऐकू येतं.

गंमत अशी की रोममध्ये ‘मिमस’ हा निराळाच प्रकार होता. त्यात नट चांगले बोलायचे, मुखवटा घालायचे नाहीत आणि रस्त्यावरचे चावट प्रसंग रंगवायचे. गप्प असायचा तो पँटोमिमस. पुढे इंग्लंडमध्ये हे सगळं उलटं झालं. तिथे आज पँटोमाइम म्हणजे नाताळच्या दिवसांत मुलाबाळांना घेऊन पाहायचं गाण्यांचं, विनोदाचं, प्रेक्षकांनी मोठ्याने ओरडून भाग घ्यायचं नाटक. गोंगाट म्हणाल तर मराठी बालनाट्याच्याही वरचढ. त्यामुळे इंग्रजी कादंबरीत कुणी पँटोमाइमला गेल्याचं वाचलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पांढरा चेहरा आणि शांत रंगमंच उभा राहतो, आणि प्रसंग भलतीकडेच जातो. हा बदल का झाला, ते पुढे येईल.

त्याआधी रोममधली आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण या कलेत चूक कुठे होते ते तिच्यात स्वच्छ दिसतं. इसवी सनापूर्वी २२च्या सुमारास, ऑगस्टसच्या राज्यात, सिलिशियाचा पिलाडीज आणि अलेक्झांड्रियाचा बाथिलस या दोघांनी हा प्रकार रोममध्ये रुजवला. पिलाडीज गंभीर कथांचा, बाथिलस हलक्याफुलक्या कथांचा. पिलाडीजचा हायलस नावाचा शिष्य एकदा ‘महान ॲगमेम्नॉन’ अशा शब्दांच्या गाण्यावर अभिनय करत होता. ‘महान’ शब्द येताच तो टाचा उचलून उंच झाला. प्रेक्षकांत बसलेल्या पिलाडीजला राहवलं नाही. तू त्याला उंच करतोयस, मोठा नाही, असं तो बसल्या जागेवरून ओरडला. मग लोकांनी त्यालाच करून दाखवायला सांगितलं. त्या ओळीपाशी आल्यावर तो विचारात गढून नुसता उभा राहिला. सेनापतीचं मोठेपण सगळ्यांसाठी विचार करण्यात असतं, अशी त्याची धारणा. मॅक्रोबियस या लेखकाने ही आठवण जपली आहे.

हायलसने शब्दाचं चित्र काढलं आणि पिलाडीजने माणूस उभा केला. मूकाभिनय चांगला की वाईट हे ठरवायला मला दुसरी कसोटी लागत नाही. शब्दाऐवजी खूण केली की शेवटी प्रेक्षकाला तो शब्द ओळखावाच लागतो. सहलीच्या बसमध्ये सिनेमाचं नाव ओळखायला लावणाऱ्या खेळात आपण तेच करतो. खेळ म्हणून तो झकासच आहे. पण रंगमंचावर प्रेक्षक तसा शब्द शोधत बसला, की समोरचा नट त्याच्या लेखी संपला.

ही कला गप्प का झाली, याचं उत्तर पुष्कळदा कायद्यात सापडतं. पॅरिसमध्ये १६८० साली कोमेदी-फ्रांसेझ ही राजाश्रयाची नाटक कंपनी स्थापन झाली आणि बोलक्या नाटकाचा मक्ता तिच्याकडे गेला. सेंट-जर्मेन आणि सेंट-लॉरेंटच्या जत्रांतले खेळवाले लोकप्रिय होते, म्हणून अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्यावर संवादबंदी आली. त्यांनी काय काय केलं पाहा. संवाद नको तर एकटाच नट बोलेल. तेही बंद झालं तेव्हा नटांनी गाण्यांच्या ओळी लिहिलेले फलक धरले, वाद्यांनी ओळखीची चाल सुरू केली, आणि नट गप्प राहून अभिनय करत असताना अख्खं प्रेक्षागृह त्या ओळी गाऊ लागलं. प्रेक्षकांवर बंदी घालायची कशी?

पुढे नेपोलियनने १८०७ मध्ये पॅरिसमधल्या नाटकगृहांची संख्या आणि प्रत्येकाचा नाट्यप्रकार बांधून दिला. त्या नियमांच्या छायेत ‘फ्युनांब्युल’ हे छोटं नाटकगृह १८१६ साली उघडलं. परवाना होता दोरीवरच्या कसरतींचा आणि मूकनाट्याचा, बोलायची मुभा नाही. याच रंगमंचावर झां-गास्पार देब्युरो (१७९६–१८४६) या बोहेमियात जन्मलेल्या नटाने ‘पिएरो’ घडवला. पिएरो हे इटालियन लोकनाट्यातून आलेलं एक दुय्यम, बावळट पात्र. देब्युरोने त्याच्या गळ्याभोवतीची झालर काढून टाकली, ढगळ पांढरा अंगरखा आणि डोक्यावर काळी टोपी ठेवली, चेहरा पिठासारखा पांढरा केला. झालर गेल्यामुळे मान दिसू लागली. मूकनाट्यात मान दिसणं किती महत्त्वाचं आहे, हे तालमीत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आज माइम म्हटलं की जो पांढरा चेहरा आठवतो, त्याची मुळं इथे आहेत. १८३६ साली रस्त्यात टोमणे मारणाऱ्या एका तरुणाला देब्युरोने काठीचा तडाखा दिला, त्यात तो दगावला, आणि खटला उभा राहिला. या मुक्या नटाचा आवाज ऐकायला मिळेल म्हणून पॅरिसकर कोर्टात गर्दी करून गेले, असं सांगतात. तो निर्दोष सुटला.

इंग्लंडमध्येही मोजक्या नाटकगृहांनाच बोलक्या नाटकाची सनद होती. १८४३च्या नाट्यगृह कायद्याने ती मक्तेदारी संपवली, सगळ्यांना बोलायची मोकळीक मिळाली, आणि पँटोमाइम हळूहळू बडबडा होत गेला. नाव तेच राहिलं. मघाचं कोडं इथे सुटतं.

आता ज्या भागासाठी हा लेख लिहायला घेतला, तो भाग. बंदी उठल्यावरही काही लोकांनी गप्प राहायचं ठरवलं, आणि त्यांना या कलेचं व्याकरण नव्याने लिहावं लागलं. एत्येन दक्रू (१८९८–१९९१) हा त्यातला सर्वांत कडवा माणूस. जाक कोपोच्या नाट्यशाळेत त्याने एक व्यायाम पाहिला: चेहरा कापडाने झाकायचा, अंगावर कमीत कमी कपडे, आणि मग अभिनय करायचा. चेहरा आणि हात ही नटाची नेहमीची पळवाट. चेहरा गेला की छाती, कंबर, पाठ यांना कामाला लागावं लागतं. दक्रूने आयुष्यभर तोच धागा धरला. जुन्या पँटोमाइममधल्या हातवाऱ्यांचा त्याला मनस्वी तिटकारा होता. नटाचं शरीर डोकं, मान, छाती, कंबर असं तुकड्यातुकड्यांनी स्वतंत्रपणे हलवता आलं पाहिजे, हा त्याचा आग्रह. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तो आणि तरुण झां-लुई बारो यांनी मिळून जागच्या जागी चालण्याची क्रिया बसवली. ती आज जगभर शिकवली जाते.

ही चाल बारकाईने पाहण्यासारखी आहे. आपण खरोखर चालतो तेव्हा शरीराचा भार टेकलेल्या पायावर असतो आणि शरीर त्याच्यावरून पुढे जातं. मूकाभिनयात शरीर जागचं हलायचं नाही, म्हणून जमीनच मागे गेल्यासारखी दाखवावी लागते. त्यासाठी नट भाराची अदलाबदल करतो. जो पाय सपाट टेकलेला आणि भार पेलणारा दिसतो, तो प्रत्यक्षात हलका असतो आणि जमिनीला घासत सरळ मागे सरकतो. खरा भार दुसऱ्या पायाच्या चवड्यावर असतो, आणि तो पाय तर नुकताच उचलला जातोय असं वाटतं. प्रेक्षकाला दिसतं त्याच्या नेमकं उलट शरीरात चाललेलं असतं. सुरुवातीला पोटऱ्या भरून येतात. मार्सेल मार्सोने वाऱ्याविरुद्ध चालण्याची जी प्रसिद्ध कृती केली तिच्या पोटात हीच चाल आहे, आणि मायकल जॅक्सनच्या मूनवॉकशी तिचं नातं जोडलं जातं ते याचमुळे.

भिंतीचं तंत्र आणखी साधं, आणि म्हणूनच जास्त चुकतं. नवशिका नट हवेत तळवे थापत सुटतो. पाहणाऱ्याला हात दिसतात, भिंत दिसत नाही. भिंत दिसायला तीन गोष्टी लागतात. हवेतून जाणारा हात सैल हवा, बोटं किंचित वळलेली. भिंत लागते त्या क्षणी हात थांबतो आणि त्याच क्षणी तळवा एकदम सपाट होतो. हळूहळू नाही, टच्‌कन. आणि सर्वांत अवघड तिसरी: हात टेकल्यानंतर शरीर हललं तरी हात त्याच जागी राहिला पाहिजे. नट डावीकडे एक पाऊल सरकला, पुढे वाकला, मागे रेलला, तरी तळवा हवेतल्या त्याच बिंदूला चिकटलेला. हा ‘स्थिर बिंदू’ सांभाळायचा म्हणजे खांदा, कोपर आणि मनगट यांना शरीराच्या प्रत्येक हालचालीची भरपाई तितक्याच मापाने उलट दिशेने करावी लागते. बिंदू दोन बोटं जरी सरकला, तरी भिंत मऊ पडते.

दोरी ओढताना यात वजनाची भर पडते. दोन्ही मुठींमधलं अंतर कायम राहिलं पाहिजे, नाहीतर दोरी रबराची होते. आणि ओढ हातातून निघत नाही. आधी कंबर मागे जाते, मग छाती, मग खांदे, आणि हात सर्वांत शेवटी खेचले जातात, कारण खरं ओझं ओढताना माणूस आपलं वजनच जोर म्हणून वापरतो. जिथे ओझं नाही तिथे नटाला स्वतःचेच स्नायू एकमेकांविरुद्ध लढवावे लागतात. म्हणून उत्तम मूकाभिनय झाल्यावर नट घामाने निथळलेला असतो, प्रत्यक्षात त्याने काहीही उचललेलं नसलं तरी.

पाहणाऱ्याला ते वजन खरंच दिसतं का, की तो नटाशी समजूतदारपणे वागतो? याचा शास्त्रज्ञांनी शोध घेतला आहे. रुनेसन आणि फ्रिकहोम या स्वीडनमधल्या दोघा संशोधकांनी १९८१ मध्ये पेटी उचलणाऱ्या माणसांचे फक्त सांध्यांवरचे प्रकाशठिपके लोकांना दाखवले. पेटी दिसत नव्हती, स्नायू दिसत नव्हते, तरी ती किती जड असेल याचा अंदाज लोकांना चांगला करता आला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या पॅट्रिक लिटल आणि चाझ फायरस्टोन यांनी २०२१ मध्ये तर थेट मूकाभिनयालाच प्रयोगशाळेत नेलं. अदृश्य भिंतीवर आपटणारा किंवा अदृश्य खोक्यावर पाय देणारा माणूस दाखवून झाल्यावर पडद्यावर एक रेघ यायची, आणि ती उभी की आडवी एवढंच पटकन सांगायचं. रेघेची दिशा त्या कल्पित पृष्ठभागाशी जुळत असली की लोक अधिक चटकन उत्तर देत. अभिनयाचा त्या कामाशी काहीही संबंध नव्हता. म्हणजे भिंत मानायची की नाही, हे प्रेक्षक ठरवत बसत नाही. हालचाल अचूक असेल तर त्याची दृष्टीच ती उभारते. मला या प्रयोगाचं फार अप्रूप वाटतं, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या तालमीत नटांनी ज्याची खात्री बाळगली, त्याला इथे आधार मिळाला.

मार्सेल मार्सो (१९२३–२००७) हा दक्रूचा शिष्य. स्ट्रासबुर्गच्या ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या मुलाचं आडनाव मांजेल होतं. वडील खाटीक, नाझींनी त्यांना ऑशविट्झला नेलं, तिथून ते परतले नाहीत. तरुण मार्सेलने नाव बदललं, फ्रेंच प्रतिकार चळवळीत बनावट ओळखपत्रं तयार केली आणि ज्यू मुलांना स्वित्झर्लंडच्या सीमेपलीकडे पोचवायला मदत केली. १९४७ मध्ये त्याने ‘बिप’ हे पात्र निर्माण केलं: पट्ट्यापट्ट्यांचा बनियन, चेपलेली उंच टोपी आणि तिच्यावर लाल फूल. ‘पिंजरा’, ‘मुखवटे करणारा’, ‘तारुण्य, प्रौढत्व, वार्धक्य आणि मृत्यू’ या त्याच्या छोट्या कृती जगभर गाजल्या. दक्रूच्या मानाने मार्सोने चेहऱ्याला आणि हातांना पुष्कळ मोकळीक दिली, त्यामुळे लोक त्याच्यावर भाळले आणि काही कडवे साधक नाराज झाले. मला मात्र मुखवटे करणाऱ्याची कृती पाहताना हा वाद निरर्थक वाटतो. हसरा मुखवटा तोंडावर अडकून बसतो, निघता निघत नाही. चेहरा हसत राहतो आणि बाकीचं सगळं शरीर कासावीस होतं. दक्रूची शिस्त अंगात मुरल्याशिवाय चेहरा आणि धड असे दोन वेगळ्या दिशांना नेता येत नाहीत.

आपल्याकडे नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य असे चार प्रकार सांगितले. वाचिक वगळलं की मूकाभिनय उरतो, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. मला ते अपुरं वाटतं. नाट्यशास्त्रात एका हाताच्या २४ आणि दोन्ही हातांच्या १३ मुद्रा आहेत, नजरेचे ३६ प्रकार आहेत. हे सगळं शब्दाला पर्याय म्हणून आलेलं नाही, ते शब्दाच्या जोडीने चालतं. कथकळीत नट बोलत नाही, पण मागे उभे असलेले गायक पद म्हणतात आणि त्याच्या मुद्रा त्या पदाचा अर्थ उलगडतात. रोमच्या पँटोमिमसशी तिचं इतकं साम्य आहे की लुशियनला ती ओळखीची वाटली असती. मुद्रांची भाषा मात्र शिकावी लागते, नाहीतर प्रेक्षकाला अर्धंच कळतं.

पण याच परंपरेत एक जागा अशी आहे, जिथे मुद्रा बाजूला पडतात. केरळच्या कूडियाट्टम या संस्कृत नाट्यप्रकारात आणि कथकळीत रावण कैलास उचलतो तो प्रसंग. नट आधी पर्वत पाहतो. नजर पायथ्यापासून चढत चढत वर जाते, शिखरापाशी थांबते, मग एका कडेने, मग दुसऱ्या कडेने खाली येते. डोळ्यांनी मोजलेला तो पर्वत प्रेक्षकापुढे पुरता उभा राहिल्यावरच रावण हात घालतो. पहिल्यांदा पर्वत हलत नाही. तो पकड बदलतो, पुन्हा जोर लावतो, आणि पर्वत सुटतो तेव्हा वजन त्याच्या पायांतून दिसतं. मल्याळम वा संस्कृतचा एक शब्द येत नसलेल्या माणसालाही हे कळतं, आणि दक्रूच्या शिष्याला ते आपल्याच वर्गातलं वाटलं असतं.

स्वतंत्र कला म्हणून मूकाभिनय भारतात रुजला तो प्रामुख्याने बंगालमध्ये. जोगेश दत्त यांनी कोलकात्यात त्याची शाळा उभी केली, निरंजन गोस्वामींनी ‘इंडियन माइम थिएटर’ चालवलं. सिनेमात सिंगीतम श्रीनिवास राव यांचा ‘पुष्पक’ (१९८७) संवादाविना होता आणि कमल हासनने त्यात बहार केली. तरीही तो मूकाभिनय म्हणता येणार नाही. तिथे खोली खरी आहे, बर्फ खरा आहे. चॅप्लिनची काठीही खरी होती. मूकाभिनयात वस्तू नटाला घडवावी लागते.

महाराष्ट्रात या कलेचं खरं घर म्हणजे विद्यापीठांचे युवा महोत्सव. भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमांप्रमाणे रंगमंचावर जास्तीत जास्त सहा जण आणि वेळ पाच मिनिटं. काळे कपडे, पांढरा मेकअप, विंगेत संगीत सोडणारा मित्र. या पाच मिनिटांसाठी पोरं महिनाभर रात्री उशिरापर्यंत तालमी करतात, सहा जणांच्या शरीरांतून बस, झाड, पूल, मशीन उभं करतात, आणि त्यातलं काही काही थक्क करणारं असतं. खटकतं ते वेगळंच. अपघात, स्त्रीभ्रूणहत्या, मोबाइलचं वेड, सीमेवरचा जवान असे विषय घेतले जातात आणि आशय पोचवायची घाई होते. मग टाचा उचलणारा हायलस परत येतो: दुःख म्हटलं की मुठीने डोळे चोळायचे, प्रेम म्हटलं की बदामाचा आकार, आणि जे हातांना जमलं नाही ते संगीताने रडून दाखवायचं. विषय कितीही मोलाचा असला तरी रंगमंचावरच्या मुलीच्या हातातल्या तान्ह्याला वजन नसेल, तर प्रेक्षकाच्या पोटात काही हलत नाही. तान्हं घेताना मनगट मानेखाली जातं, कोपर जरा वर येतं, कंबर विरुद्ध बाजूला झुकते. हे एवढं जमलं तर संगीत बंद केलं तरी चालतं.

शब्दाच्या वापरातली एक चूक मात्र इथे निक्षून सांगायला हवी. कर्णबधिर माणसं हातांनी बोलतात, त्याला कुणी कुणी मूकाभिनय म्हणतं. भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे. तिला शब्दसंग्रह आहे, वाक्यरचना आहे, तिच्यात कालच्या बैठकीबद्दल वाद घालता येतो आणि उद्याच्या भाड्याबद्दल घासाघीसही. ती भाषा न शिकलेल्याला ती कळत नाही, जशी तमिळ न शिकलेल्याला तमिळ कळत नाही. मूकाभिनय अर्थ पोचवतो तो भाषेशिवाय, म्हणूनच पाँटसच्या पाहुण्याला तो हवासा वाटला. पण शेजाऱ्यांशी तहाच्या अटी ठरवायला तो नर्तक कितपत कामी आला असता, याची मला शंकाच आहे.

ज्याला हे अंगाने कळून घ्यायचं असेल, त्याने घरातली खरी भिंत घ्यावी. दोन्ही तळवे टेकवून जोर लावावा आणि तसंच थांबून टाच, गुडघा, पाठ, मान कुठे ताणली गेली ते नीट पाहावं. मग भिंतीपासून एक पाऊल मागे यावं आणि हवेत नेमकं तेच करावं, प्रत्येक ताण जागच्या जागी ठेवून. पहिल्यांदा तोल पुढे जाईल, कारण आता धरायला कुणी नाही. तो कंबरेने सावरायचा. ते जमलं की तळवे तिथेच ठेवून एक पाऊल डावीकडे.